दगडांच्या रिंगणातलं गाव: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी इंग्लंडमधल्या एव्हबरी या खेड्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. मुलगी स्विंडनला असते. तिच्याकडे गेले की या गावी माझी चक्कर ठरलेलीच. विल्टशायर परगण्यातलं हे गाव साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी उभ्या केलेल्या दगडांच्या अवाढव्य रिंगणात वसलं आहे. एवढ्याशा उल्लेखावर जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. बरीचशी पत्रं जायच्या तयारीत असलेल्या आईबापांची आहेत. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा एव्हबरीला.

एक वाचक, चोपडा: ताई, मुलगा स्विंडनला नोकरीला आहे. मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. तो म्हणतो, लंडन दाखवतो, राजवाडा दाखवतो. आमची मंडळी मात्र हटून बसली आहे, ‘माले लंडन नई देखनं, तठलं खेडं देखनं शे.’ खेड्यात पाहण्यासारखं काय असतं? एव्हबरीत नेमकं काय काय आहे?

भाऊ, वहिनींचंच ऐका. लंडन होईलच, पण एव्हबरीसाठी एक पूर्ण दिवस राखून ठेवा. स्विंडनहून ४९ नंबरची बस थेट गावात उतरवते. अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास. डांबरी रस्ताच रिंगणाला छेदून गेलाय, त्यामुळे बसच्या खिडकीतूनच पहिले दगड दिसतात.

उतरल्यावर लगेच दगडांकडे धावू नका. आधी बांधावर चढा. गावाला वळसा घालणारा हा मातीचा बांध आजही दोन-तीन पुरुष उंच आहे आणि त्याचा घेर सव्वा किलोमीटरच्या आसपास भरतो. वरून चालत गेलं की सगळी रचना ध्यानात येते. ज्यानं पारोळ्याचा किल्ला पाहिलाय तो माणूस इथं जरा बुचकळ्यात पडेल. किल्ल्याला खंदक बाहेर असतो आणि तट आत. एव्हबरीत नेमकं उलटं आहे, बांध बाहेर आणि खंदक आत. म्हणजे शत्रूला अडवायला हे केलेलं नाही. आतली जागा बाहेरच्या रोजच्या जगापासून वेगळी राखायची, तिथं जमायचं, काही विधी करायचे, असा हेतू असावा असं अभ्यासक मानतात.

खंदक मुळात नऊ मीटरपर्यंत खोल होता. आज बराचसा बुजलाय, तरी त्याच्या काठावर उभं राहिलं की पोटात खड्डा पडतो. त्या मुलखात वरची माती खरवडली की खाली पांढराशुभ्र खडूचा खडक लागतो. तो खडक फोडला हरणाच्या शिंगांच्या कुदळींनी. खणताना टाकून दिलेली शिंगं उत्खननात खंदकाच्या तळाशी सापडली. हे काम झालं तेव्हा त्या मुलखात लोखंड सोडा, तांबंसुद्धा पोचलेलं नव्हतं. नवा खणलेला खंदक आणि ताजा बांध उन्हात किती पांढरा दिसत असेल, याचा विचार तिथं उभं राहून जरूर करा.

मग दगडांकडे या. बाहेरच्या रिंगणात मुळात शंभराच्या आसपास दगड होते, आणि त्याच्या पोटात आणखी दोन लहान रिंगणं. मोठ्या रिंगणाचा व्यास ३३० मीटरच्या आसपास, दगडांचं याहून मोठं रिंगण जगात नाही. दगडाला सार्सन म्हणतात. जवळच्याच माळावर पडलेला अतिशय कठीण वाळूचा दगड. त्याला टाकी लावलेली नाही, आकार दिलेला नाही. निसर्गानं दिला तसा ओढून आणला आणि उभा केला. जवळ गेलात तर दगडाला खोल भोकं दिसतील, बोट आत जाईल अशी. वाळूचा दगड व्हायच्या आधी तिथं झाडं होती, त्यांच्या मुळांच्या या वाटा. वरच्या अंगाला राखाडी-पिवळं दगडफूल चढलेलं असतं. खालच्या अंगाला मेंढ्या अंग घासतात, तिथं लोकरीचे बारीक पुंजके अडकलेले दिसतात. स्टोनहेंज या इंग्लंडमधल्या दुसऱ्या प्रसिद्ध दगडी रिंगणाला तिकीट आहे आणि ते दोरीपलीकडून पाहावं लागतं. इथं दगडांना तिकीट नाही, हात लावा, पाठ टेकून बसा, कोणी हटकत नाही.

दोन दगड चुकवू नका. उत्तरेच्या वेशीशी रस्त्याला अगदी खेटून उभा आहे तो स्विंडन स्टोन. साठ टनांहून जड, आणि एका कोनावर तोललेला. हा कधीच पडलेला नाही, असं मानतात. दुसरा दक्षिणेच्या वेशीजवळचा. त्यात बसण्याजोगी नैसर्गिक खोबण आहे, तिला सैतानाची खुर्ची म्हणतात. वहिनींचा फोटो तिथं काढा. पूर्वेच्या बांधावर बीचची मोठी झाडं आहेत, मुळं जमिनीवर पसरून एकमेकांत गुंतलेली. लोक त्यांच्या फांद्यांना रंगीत फिती, चिठ्ठ्या बांधून जातात. ते पाहून वहिनींना घरची आठवण होईल.

बाकीचं गावात फिरता फिरता होतं. सेंट जेम्सचं चर्च हजारेक वर्षांपूर्वीचं, मूळ बांधणीचा काही भाग अजून भिंतीत शाबूत आहे. आत बाप्तिस्म्याचं जुनं दगडी पात्र आहे, त्यावरचं कोरीवकाम वाकून पाहा. गवताच्या छपराचं सतराव्या शतकातलं भलंमोठं कोठार आहे, आता तिथं प्रदर्शन आहे. शेजारी पारव्यांसाठी बांधलेली गोल दगडी खुराडी आहे, सोळाव्या शतकातली. एव्हबरी मॅनॉर म्हणजे गावच्या जमीनदाराचा वाडा, त्याला तिकीट आहे, वेळ उरला तरच जा. रेड लायन हे गावचं मद्यगृह, तेही रिंगणातच. आत एक जुनी विहीर आहे, तिच्यावर काच बसवून टेबल केलंय. पिणारे नसलात तरी विहीर पाहायला आत जायला हरकत नाही. चहा मिळतो.

एक शिक्षक, शहादा: तुम्ही लिहिलंत की शंभर दगडांपैकी बरेच नाहीसे झाले. ते कोणी फोडले? आणि फोडले ते धर्मापायी की लोभापायी?

सर, दोन्हीपायी, पण दोन वेगळ्या काळांत.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला बरेच दगड पाडून खड्ड्यांत पुरले गेले. गावात चर्च होतं आणि भोवती जुन्या देवांचे दगड, तेव्हा चर्चच्या धाकानं किंवा सांगण्यावरून हे झालं असावं असा अंदाज आहे. शेताला जागा हवी होती, हेही कारण असू शकतं. या कामाचा एक साक्षीदार मिळाला. १९३८ मध्ये एक पुरलेला दगड उकरला तेव्हा त्याच्याखाली एका माणसाचा सांगाडा निघाला. त्याच्याजवळ कात्री होती, शस्त्रक्रियेच्या हत्यारासारखी लोखंडी सळई होती आणि १३२० च्या दशकापर्यंतची नाणी होती. त्या काळी न्हावीच जखमा कापायचा, दात उपटायचा, म्हणून त्याचं नाव पडलं बार्बर-सर्जन. दगड पाडताना तो खाली सापडला, अशी गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली गेली. सांगाडा लंडनला नेला होता. महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात तो नष्ट झाला असं सगळे धरून चालले होते. १९९९ मध्ये तो तिथल्याच एका संग्रहालयाच्या कोठारात सापडला. पुन्हा तपासल्यावर तो दगडाखाली चिरडून मेल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. कदाचित मेलेल्या माणसालाच त्या खड्ड्यात पुरलं असेल. मला या माणसाबद्दल फार वाटतं. घरोघर फिरून पोट भरणारा, आणि शेवटी देह पडला तो परक्या गावी.

लोभाचा काळ नंतरचा, सतराव्या शतकाचा शेवट आणि अठरावं शतक. त्याला लोभ म्हणायचं की गरज, हे तुम्हीच ठरवा. शेतकऱ्याला घर बांधायचं होतं आणि दारात चाळीस टनांचा दगड उभा होता. पद्धत अशी: दगडाभोवती खड्डा करून तो आडवा पाडायचा, खाली पेंढा घालून आग लावायची, दगड तापला की त्यावर थंड पाण्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर घण घालायचे. दगड तडकतो. त्या तुकड्यांची घरं आणि कुंपणाच्या भिंती गावात आजही उभ्या आहेत. भिंतीतला करडा दगड जवळून पाहिला तर कुठं कुठं आगीनं लालसर झालेला दिसतो.

हे आपल्याला कळलं ते विल्यम स्ट्यूकली या माणसामुळे. १७१९ पासून पाच-सहा वर्षं तो एव्हबरीला येत राहिला. डोळ्यांदेखत दगड फुटत होते. तो थांबवू शकला नाही, पण उभे दगड, पडलेले दगड, नुसते खड्डे, सगळं मोजून त्यानं नकाशे काढले आणि फोडणाऱ्यांची नावंसुद्धा लिहून ठेवली. त्याच्याही आधी, १६४९ च्या जानेवारीत, जॉन ऑब्री नावाचा बावीस वर्षांचा तरुण शिकारीच्या निमित्तानं या गावात आला आणि दगड पाहून थक्क झाला. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहणाऱ्यांना तो रोजचाच दगड होता. ऑब्रीनं पुढे राजा दुसऱ्या चार्ल्सला सांगून त्यालाही एव्हबरी दाखवलं.

आज जे दगड उभे दिसतात त्यांतले बरेच अलेक्झांडर कीलरनं पुन्हा उभे केलेले आहेत. हा डंडी शहरातल्या मुरंब्याच्या कारखानदार घराण्याचा वारस. त्यानं घराण्याचा पैसा इथं ओतला, जमीन विकत घेतली आणि १९३० च्या दशकात पुरलेले दगड शोधून उभे केले. जिथं दगड फुटून गेला होता तिथं त्यानं सिमेंटचे छोटे खांब रोवले. हा खांब दिसला की समजायचं, इथला दगड कुणाच्या तरी भिंतीत आहे. १९४३ मध्ये त्यानं ही जागा नॅशनल ट्रस्टला विकली. ही संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालते.

पण सर, याची दुसरी बाजूही मुलांना सांगा. रिंगण मोकळं करायचं म्हणून आतली कितीतरी घरं पाडली गेली आणि लोकांना शेजारच्या एव्हबरी ट्रुसलो या वस्तीत हलवलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं घर सोडून अर्ध्या मैलावर जाणंही जाणंच असतं. अक्कलकुवा-धडगावकडची गावं नर्मदेच्या पाण्याखाली गेली, ते तुमच्या जिल्ह्यानं पाहिलंय. तुमच्या वर्गात तिथली मुलंही असतील. त्यांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर कळेल.

एक वाचक, पाचोरा: वय ७१, दोन्ही गुडघे कुरकुरतात. सुनबाई म्हणते, आजूबाजूलाही बरंच आहे पण चालावं लागतं. झेपेल का?

आप्पा, गाव आणि जवळचे दगड आरामात झेपतील, जमीन सपाट आहे. बांधाच्या पायऱ्या मात्र टाळा, पावसात निसरड्या होतात.

बाहेरच्या तीन जागा सांगते. पहिली, गावातून निघणारी दगडांची दुहेरी रांग, वेस्ट केनेट अ‍ॅव्हेन्यू. मुळात ही अडीच किलोमीटर जात होती. गवतावरून हवं तेवढं चालायचं आणि परत फिरायचं. एक उंच, सडपातळ दगड आणि समोर एक रुंद, तिरपा, अशा जोड्या दिसतात. दुसरी, सिलबरी टेकडी. तिच्यावर चढायला मनाई आहे, रस्त्याकडेच्या जागेवरूनच पाहायची, म्हणजे तुमचा प्रश्न मिटला. तिसरी, वेस्ट केनेटची लांबट समाधी. इथं मोठ्या रस्त्यापासून शेतातून चढाची पाऊलवाट आहे, जायला वीस मिनिटं तरी लागतात. काठी घ्या, सावकाश जा, पण जमलं तर हे चुकवू नका. इसवीसनपूर्व ३६५० च्या सुमाराची ही समाधी शंभर मीटर लांब आहे. पुढच्या टोकाला दगडी खोल्या आहेत आणि आत सरळ उभं राहून जाता येतं. तीसहून जास्त माणसांची हाडं इथं निघाली, त्यांत म्हातारी होती आणि लेकरंही होती. आत गेलात की एक हात भिंतीला लावून थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग दगडांच्या फटी भरायला रचलेल्या चपट्या दगडांचे थर दिसू लागतात.

इंग्लंडमध्ये लोकांच्या शेतातून जाणाऱ्या जुन्या पाऊलवाटांवर सगळ्यांना चालायचा कायद्यानं हक्क आहे. मालकाला ती वाट अडवता येत नाही. त्यामुळे गव्हात पाय टाकायला बिचकू नका, फक्त वाट सोडू नका आणि फाटक उघडलं तर मागे लावून घ्या, मेंढ्या असतात. लाकडी पायरीवरून कुंपण ओलांडायच्या जागा असतात, तिथं मात्र सुनबाईचा हात धरा. बूट जुने न्या, चिखल पांढरा आणि चिकट असतो. इकडे जळगावला मे महिन्यात पारा ४४ वर असतो आणि तिकडे वाऱ्यात स्वेटर लागतो, तो विसरू नका.

एक गृहिणी, अमळनेर: शाकाहारी माणसानं दिवसभर खायचं काय?

मिळतं, बटाटा, सूप, चीजची सँडविचेस. पण मी लेकीच्या घरी सकाळी दशम्या करून नेते, बरोबर शेंगदाण्याची चटणी. दगडाला पाठ लावून खायच्या. कागद आणि पिशव्या परत आणायच्या.

एक आजी, धरणगाव: तिथल्या म्युझियममध्ये लहान लेकराचा सांगाडा काचेत ठेवलाय म्हणे. नातीनं मोबाइलवर दाखवला. हे बरं आहे का गं बाई?

आजी, आहे खरा. एव्हबरीच्या कीलर संग्रहालयात. जवळच्या विंडमिल हिल नावाच्या टेकडीवर कीलरच्या उत्खननात ते लेकरू सापडलं, वय तीनेक वर्षं. गावकरी त्याला चार्ली म्हणतात. तुमच्या मनात आलं तेच तिथल्याही काही लोकांच्या मनात आलं होतं. स्वतःला जुन्या धर्माचे म्हणवणारे द्रुइड लोक तिथं आहेत, त्यांच्या एका संघटनेनं २००६ मध्ये मागणी केली की या लेकराला पुन्हा मातीत ठेवा. सरकारी यंत्रणेनं लोकांची मतं मागवली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि २०१० मध्ये सांगाडा संग्रहालयातच राहील असा निर्णय दिला.

मी त्या काचेसमोर उभी राहिले आहे. कवटी एका कुशीला वळलेली, गुडघे पोटाशी घेतलेले. शाळेत मुलांना इतिहास शिकवणारी बाई म्हणून मला वाटतं की अशा हाडांवरून माणसं काय खात होती, कशानं आजारी पडत होती हे कळतं आणि ते कळायला हवं. आई म्हणून वाटतं की कुणीतरी त्याला नीट निजवून मातीत ठेवलं होतं, ते तसंच असू द्यावं. मला विचाराल तर त्याला पुन्हा पुरावं आणि संग्रहालयात प्रतिकृती ठेवावी. माझ्या लेकीचं मत याच्या उलट आहे, आणि आमचं यावर अजून एकमत झालेलं नाही.

एक शेतकरी वाचक, चाळीसगाव तालुका: ताई, राग मानू नका. आपल्याकडे पाटणादेवी, चांगदेव, बलसाणं, वाघळी एवढं सगळं असताना इंग्रजांच्या धोंड्यांचं कौतुक कशाला?

राग कशाचा? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि नवऱ्यालाही वाचून दाखवलं.

तुमच्याच तालुक्यातल्या पाटणच्या शिलालेखाचं घ्या. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला निकुंभ राजांनी दान दिलं, हे सगळं १२०७ च्या त्या लेखात कोरलेलं आहे. गणिताच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी दिलेल्या दानाचा लेख! जगात कुठंही असता तरी त्याच्यापुढं लोकांनी रांगा लावल्या असत्या. तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव गावचं मंदिर, बलसाण्याची देवळं, फरकांड्याचे झुलते मनोरे, यांतलं काहीही एव्हबरीपेक्षा उणं नाही. एव्हबरीच्या उभ्या दगडांवर नक्षी नाही, मूर्ती नाही, एक अक्षरही कोरलेलं नाही.

मला एव्हबरीत जे भावलं ते वेगळं आहे. ज्या गावानं दगड फोडले, त्याच गावात आज मेंढपाळ, चर्चमधली बाई, हॉटेलात ग्लास पुसणारा पोरगा, कुणालाही विचारा, कोणता दगड कुठून पडला आणि कधी उभा केला हे सांगतो. रिंगणात मेंढ्या चरतात आणि त्यामुळे गवत कापलेलं राहतं. गाव आणि दगड यांचं एकमेकांवर चालतं.

आता आपल्याकडे. गिरणाकाठच्या एका गावी, गावाचं नाव लिहीत नाही, मी पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावर गेले होते. जेसीबीनं टेकाडाची कड उभी कापली होती आणि ट्रॉल्या भरून माती शेतात चालली होती. पांढर शेताला चांगली असते, हे मलाही माहीत आहे, मी शेतकऱ्याचीच मुलगी आहे. पण त्या उभ्या कापात काय दिसत होतं ते सांगते. वर विटांचे तुकडे. त्याखाली हातभर राख. त्याखाली भाजलेल्या मातीचा लालसर पट्टा, मधोमध वाटीसारखा खोलगट, म्हणजे चूल. चुलीच्या कडेला खापरं, एकावर काळ्या रंगाच्या आडव्या रेघा. आणि सगळ्यांत खाली पिवळी माती, जिथं पहिलं माणूस येऊन बसलं असेल. दुसऱ्या दिवशी ती चूल कुणाच्या तरी कपाशीत गेली असेल.

एव्हबरीचा शेतकरी आणि आपला शेतकरी, दोघांनाही मी दोष देत नाही. त्या दोघांना तेव्हा कुणी सांगायला नव्हतं. स्ट्यूकलीसारखं वही घेऊन येणारं माणूस आपल्याही टेकाडावर हवं आहे, आणि ते बाहेरूनच यावं असं नाही. तुम्ही वाघळीचं नाव लिहिलंत म्हणजे तुम्हाला देऊळ माहीत आहे. तुमच्या गावात आणखी काय आहे ते लिहून पाठवा. पुढच्या अंकात मी एव्हबरी बाजूला ठेवून तेच छापेन.

एक विद्यार्थिनी, नंदुरबार: मॅडम, सिलबरी टेकडीच्या पोटात काय सापडलं? मी बी.ए.ला आहे, मला पुरातत्त्व शिकायचंय. आपल्या भागात एवढं जुनं काही आहे का?

सिलबरी ही माणसानं उभी केलेली टेकडी, इसवीसनपूर्व २४०० च्या सुमाराची. उंची चाळीस मीटरच्या आसपास, आणि त्यात पाचेक लाख टन खडू-माती आहे. गावात दंतकथा अशी की आत सिल नावाचा राजा सोन्याच्या घोड्यावर बसलेला आहे. म्हणून १७७६ मध्ये माथ्यावरून सरळ खाली विहीर खणली गेली. काही मिळालं नाही. १८४९ मध्ये बाजूनं बोगदा काढला, तरीही काही नाही. १९६८ ते ७० मध्ये प्राध्यापक अ‍ॅटकिन्सन यांनी पुन्हा बोगदा काढला आणि त्याचं टीव्हीवर प्रक्षेपणही झालं. राजा नाही, घोडा नाही, एक थडगंही नाही. मिळालं ते असं: कापलेल्या गवताची हिरवट राहिलेली ढेकळं, शेवाळ, किडे, मुंग्या. त्यावरून कळलं की काम सुरू झालं तेव्हा भोवती कोणतं रान होतं आणि वर्षातल्या कोणत्या दिवसांत पहिली माती पडली असेल. राजाच्या सोन्यापेक्षा मला हे मोलाचं वाटतं, आणि पुरातत्त्व शिकायचं असेल तर तुलाही तसं वाटायला हवं. जुन्या विहिरीचं तोंड नीट बुजवलेलं नव्हतं, २००० साली टेकडीच्या माथ्याला मोठं भगदाड पडलं. मग २००७-०८ मध्ये सगळे बोगदे उघडून, अभ्यासून, खडूनं गच्च भरून कायमचे बंद केले. खणणाऱ्यानं खड्डा बुजवणंही शिकावं लागतं.

आपल्या भागाचं विचारतेस, तर तुझ्याच जिल्ह्यात प्रकाशे आहे, तापी आणि गोमाईच्या संगमावर. १९५४-५५ मध्ये बी. के. थापर यांनी तिथलं टेकाड खणलं. तापीकाठच्या सावळद्याच्या नावानं तर मातीच्या भांड्यांचा एक प्रकारच ओळखला जातो. साक्री तालुक्यात कवठे इथं म. के. ढवळीकर आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या चमूनं उत्खनन केलं, तिथं जमिनीत खड्डा करून वर छप्पर घातलेली घरं सापडली, इसवीसनपूर्व २००० च्या आसपासची. गिरणेवरचं बहाळ आणि पलीकडचं टेकवाडे म. न. देशपांडे यांनी खणलं. एव्हबरीतले शेवटचे दगड उभे राहिले त्यानंतर फार काळ लोटला नव्हता, तेव्हा आपल्या कान आणि पांझरा नद्यांच्या खोऱ्यात माणसं रंगवलेल्या भांड्यांत धान्य साठवत होती.

सुरुवात अशी कर. सुट्टीत धुळ्याला जा आणि राजवाड्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाचं संग्रहालय दिवसभर बघ. बी.ए. झाल्यावर डेक्कन कॉलेजला एम.ए.साठी अर्ज कर, प्रवेश परीक्षेची माहिती आत्ताच काढून ठेव. आणि कुठल्याही टेकाडावर गेलीस तर खापर खिशात टाकून आणू नकोस. जिथं दिसलं तिथंच राहू दे, शेजारी पेन ठेवून फोटो काढ, गट नंबर आणि तारीख वहीत लिही. सोनं-नाणं असं काही दिसलं तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. तलाठ्याला सोबत घेऊन जा, एकटी जाऊ नकोस. वही झाली की मला पाठव, मी वाचून परत करीन.